एका गाण्याला एक कॉर्ड

दारव्ह्याला मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते. 'ध्वनी' हे प्रकरण दरवर्षी शिकवत आल्यामुळे आपल्याला संगीतातलंही चांगलं कळतं, असा माझा समज होता. तो कोणी दूर करू नये याची मी काळजी घेत असे. गिटार वाजवायची ती घरात, गायचं तेही घरातच, आणि तेही सासूबाईंची मालिका सुरू नसताना. चाळिशीच्या तोंडावर मी लूपर घेतला आणि ही सगळी काळजी सुटली.

लूपर हे पायाने दाबायचं यंत्र. विटेएवढं असतं. एकदा दाबलं की तुम्ही वाजवाल ते साठवून घेतं. दुसऱ्यांदा दाबलं की तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहतं, न दमता. त्यावर आणखी काही वाजवा, तेही ठेवून घेतं. मग तिसरं, मग चौथं. थोडक्यात, एकट्या बाईला चार-पाच जणींएवढा आवाज करता येतो. "त्याच्यासाठी मशीन कायले पाह्यजे?" असं नवरा म्हणाला. त्याचं हे वाक्य मी साठवून घेतलं नाही.

इंटरनेटवर मी परदेशातली दाढीवाली माणसं पाहिली होती. निळ्या उजेडात, अनवाणी पायांनी बटणं दाबत ती चार मिनिटांत अख्खी खोली सुरांनी भरून टाकत. त्यांच्या या भरण्यामागे असायच्या कॉर्ड्स. तीन-चार सूर एकदम छेडले की कॉर्ड होते. ऐकायला भरघोस, सायीसारखी. एक कॉर्ड इतकी छान लागते, तर एकावर एक सहा रचल्या तर किती छान लागेल, असं साधं गणित मी केलं. विज्ञान शाखेच्या माणसाला गणित जमतंच.

सहा महिने मी घरात सराव केला. सासूबाई दारातून डोकावून एवढंच विचारायच्या, "हे आपोआप बंद होते का कोणाले सांगा लागते?" मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या कलावंतांना घरच्यांनी कधी ओळखलं आहे?

मग आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन आलं. दरवर्षी प्राध्यापकांचा एक कार्यक्रम असतो. त्यात आमचे वाणिज्यचे सर जुनी गाणी म्हणतात आणि मुलं शिट्ट्या मारतात. या वर्षी मी जाहीर केलं की मी जात्यावरची ओवी सादर करणार आहे, लाइव्ह लूपिंगमधून. प्राचार्यांना लाइव्ह कळलं, ओवी कळली. उरलेलं त्यांनी माझ्यावर सोडलं.

मी मंचावर गेले. बटण दाबलं, पहिली कॉर्ड रचली. तिच्यावर दुसरी. मग तिसरी, जरा वरच्या पट्टीतली. मग गिटारच्या लाकडावर बोटांनी ठेका. मग तोंडाने 'हूं हूं' असा एक थर, आणि त्यावर त्याच 'हूं'चा जुळा भाऊ. हे सगळं करायला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं लोक वाट पाहत होते की बाई गायला कधी सुरुवात करतात. पहिल्या रांगेतले प्रमुख पाहुणे माझ्याकडे बघून हसले, मग घड्याळाकडे बघून हसले, मग उठून नाश्त्याच्या खोलीकडे गेले. शेवटी मी गायला तोंड उघडलं तेव्हा माझा आवाज त्या सहा थरांत कुठे गेला ते मलाही सापडलं नाही. ओवी दळणाची होती. पीठ मात्र माझं झालं.

टाळ्या पडल्या. आमची मुलं सभ्य आहेत, आणि त्यांचे प्रात्यक्षिकाचे गुण माझ्याकडे असतात.

मंचामागे मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, ताठ पाठ. त्यांची नात आमच्याकडे अकरावीला होती, म्हणून ते आलेले. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते आणि निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, हे त्यांनी न विचारता सांगितलं. मग म्हणाले,

"बाई, गाणं चांगलं व्हतं. फक्त दिसलं नाई."

"दिसलं नाही म्हणजे?"

"म्हंजे गाडी आली, पण मानसं इतकी लटकेल होती का गाडीच दिसली नाई. मले वाटलं आत कोणी गाऊन राह्यलं असंन."

मी त्यांना दोन मिनिटं समजावून सांगितलं की जगात याला काय म्हणतात, हार्मनी म्हणजे काय आणि आपल्याकडच्या श्रोत्यांच्या कानांना याची अजून सवय नाही. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. छत्तीस वर्षं सुट्या पैशांवरून प्रवाशांची भाषणं ऐकलेला माणूस होता तो. मग म्हणाले, "बरं. माह्यासंग वाजवाल का?"

गोष्ट अशी होती की काका स्वतः गाणी रचत आणि गात. त्यांच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला त्यांचं गायन असे. पण पेटीवाले मुलाकडे पुण्याला राहायला गेले, ढोलकीवाल्यांच्या हाताला कंप सुटला, आणि गायन पार्टीत राहिले ते एकटे काका. राळेगावकडच्या त्यांच्या जन्मगावी नवीन अभ्यासिका सुरू होणार होती. मुलांनी बसून अभ्यास करावा म्हणून गावाने एक खोली बांधली होती. उद्घाटनाला काकांनी गावं असा निरोप आला होता. आणि काकांना माझ्या यंत्रात पेटीवाला, ढोलकीवाला आणि दोन कोरसवाले, सगळे एकदम दिसले होते.

मी होकार दिला. एका गरजू लोककलावंताला आधुनिक संगीताची ओळख करून देणं हे माझं कर्तव्यच होतं.

ते संध्याकाळी पाचला आमच्याकडे येत. चहा घेत, बशीतून. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी टीव्ही बंद केला आणि दाराशी येऊन बसल्या. माझ्यासाठी त्यांनी हे कधी केलेलं नव्हतं. काकांनी डोळे मिटून गाणं म्हटलं.

'पाटी कोणत्या गावाची, माय पुसते लोकाले,
येते मोटार, जाते मोटार, माय उभी फाट्याले.'

गाणं त्यांच्या आईवर रचलेलं होतं. आईला वाचता येत नव्हतं. काका सहा-सात वर्षांचे असताना त्या माहेराहून परत येत होत्या. फाट्यावर उभं राहून येईल त्या बसची पाटी लोकांना विचारत होत्या. कोणीतरी गंमत म्हणून भलतीच गाडी दाखवली. राळेगावऐवजी त्या पांढरकवड्याला उतरल्या आणि पूर्ण दिवस स्टँडवर बसून राहिल्या. ज्याने गाडी दाखवली तो हसत होता, हे त्यांना शेवटपर्यंत आठवायचं. पुढे काका कंडक्टर झाले. ड्यूटीवरून घरी आले की ते आईला बसच्या पाट्या पाटीवर लिहून दाखवत. साठी ओलांडल्यावर त्या बाई वाचायला शिकल्या. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्या स्वतःच्या गावची पाटी स्वतः वाचतात आणि कोणाला न विचारता बसमध्ये चढतात.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. मी गिटार लावली आणि म्हटलं, "फार सुंदर. याला आपण चार कॉर्ड्स टाकू."

टाकल्या. मी चार कॉर्ड्सचं एक चक्र साठवून घेतलं आणि ते फिरायला लागलं. काका गायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत काहीतरी खटकलं. गाडीच्या चाकात काटकी अडकावी तसं. मी थांबवलं. पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच.

"काका," मी जमेल तितक्या नरमाईने म्हटलं, "तुमचा गंधार हलतो."

सा रे ग म मधला 'ग' दोन प्रकारचा असतो. एक जरा खालचा, एक जरा वरचा. आनंदी कॉर्डमध्ये वरचा लागतो, उदास कॉर्डमध्ये खालचा. कॉर्ड वाजवायची तर दोन्हींतला एक निवडावाच लागतो. काका मात्र एकाच ओळीत दोन्ही लावत होते.

"हलतेच तो," काका म्हणाले. "माय उभी हाये तवा तो खाली राह्यते. मोटार दिसली का वर पाह्यते."

"पण मग मी कोणता धरू?"

"धरता कायले?"

मला राग आला. मी उदास कॉर्ड्स लावून पाहिल्या, तेव्हा मोटार आल्यावर खटकायला लागलं. आनंदी लावल्या की माय उभी असताना खटकायचं. यंत्राची गंमत अशी की ते चूक एकदा करून थांबत नाही. दर आठ मात्रांनी ती ठरल्या वेळी परत आणून देतं. काका थोडे दिवस माझ्या कॉर्डला सांभाळून गात राहिले, आपला सूर तिच्याप्रमाणे सरळ करत. आता खटकत नव्हतं. आता ते गाणं इयत्ता तिसरीच्या प्रार्थनेसारखं लागत होतं. सासूबाईंनी टीव्ही पुन्हा सुरू केला.

चौथ्या दिवशी काका म्हणाले, "बाई, तुमच्या मशीनसंग गातो तं मले वाटते, माय चुकीच्या गाडीतच बसेल हाये, आन् कोणी उतरूच देऊन नाई राह्यलं."

मी म्हटलं, मग तुम्ही ढोलकीच शोधा. काकांनी चहा संपवला, बशी विसळून ठेवली आणि गेले.

तीन दिवस मी त्यांना फोन केला नाही. या तीन दिवसांत वर्गात योगायोगाने 'विस्पंद' हा भाग आला. जवळजवळच्या दोन कंप्रता एकत्र आल्या की आवाज कमी-जास्त होत थरथरतो, हे मी दरवर्षीप्रमाणे फळ्यावर आकृती काढून सांगितलं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे थांबवायचं असंन तं काय करायचं?" मी म्हटलं, "सोपं आहे, दोन्हींतली एक बंद करायची." हे मी इतक्या सहज आणि इतक्या तोऱ्यात सांगितलं की मला काकांचं 'धरता कायले?' आठवलं. मुलांनी माझं उत्तर टिपून घेतलं. ती सगळंच टिपून घेतात.

त्या संध्याकाळी मी फोनवर टिपलेलं काकांचं गाणं लावलं आणि गिटार घेऊन बसले. कॉर्डमधला मधला सूर काढून टाकला. तोच भांडकुदळ 'ग'. उरले सा आणि प. खटकणं गेलं. आता गंधार खाली जावो की वर, माझं काही म्हणणंच नव्हतं. चक्रात चारऐवजी दोनच जागा ठेवल्या. मग एकच. प्रत्येक वेळी काही काढलं की गाणं जरा पुढे यायचं. मला ते आवडलं असं सांगणं खोटं होईल. सहा महिने घाम गाळून शिकलेलं एकेक उचलून बाहेर ठेवायचं, आणि दर वेळी घर मोठं दिसतंय असं कबूल करायचं, हे काही सुखाचं काम नाही.

दुसऱ्या दिवशी मीच काकांच्या घरी गेले. माफी मागितली नाही. गिटार घेऊन गेले होते, त्यातच समजून घेतलं त्यांनी. आम्ही ठरवलं, खाली एकच मंद सा, तो यंत्राने फिरवत राहायचा. वरून गिटारच्या लाकडावर साधा ठेका. बस्स.

"आता मशीन माणसावाणी वागून राह्यली," काका म्हणाले.

"पण काका, एक तरी कॉर्ड वाजवू द्या. एक. अख्ख्या गाण्यात."

लहान पोरीने गोळी मागावी तसं मी ते मागितलं, आणि मागताना मला लाज वाटली नाही.

"एक वाजवा. पण कुठं, ते तुमी ठरवा. अन् एकदाच. मशीनले देऊ नका ते. मशीन परत परत आणून देते."

पुढचे आठ दिवस मी त्या एका कॉर्डसाठी जागा शोधत होते. 'माय पुसते'वर वाजवून पाहिली, तिथे ती दया दाखवल्यासारखी लागली. आई स्टँडवर बसलेली असते तिथे वाजवली, तर सिनेमातला पाऊस सुरू झाला. मग शेवटचं कडवं:

'बोट पाटीवर फिरवून मायनं वाचलं गावाले.'

'वाचलं'वर काकांचा गंधार पहिल्यांदा वर जाऊन तिथेच थांबतो. आतापर्यंतचा हलणारा सूर तिथे हलत नाही. मी तिथे सा-ग-प अशी साधी, पहिल्या आठवड्यात शिकतात ती कॉर्ड छेडली. काका पुढची ओळ गायचे विसरले. मग म्हणाले, "हां. इथं बसा."

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही दारव्ह्याहून यवतमाळ आणि तिथून राळेगाव, असे दोन गाड्या बदलून गेलो. दोन्ही गाड्यांमध्ये काका तिकिटाचे पैसे हातात तयार ठेवून बसले आणि दोन्ही कंडक्टरांना मागे किती सीटा रिकाम्या आहेत ते सांगत राहिले. दोन्ही कंडक्टर त्यांना ओळखत नव्हते. काकांना त्याने काही फरक पडला नाही.

कार्यक्रम दुपारी तीनचा होता. कापूस वेचून बाया परत आल्यावर, साडेचारला सुरू झाला. अभ्यासिका म्हणजे पत्र्याची, पण स्वच्छ, निळ्या रंगाची खोली. आत बाकं, ट्यूबलाइट आणि पुस्तकांचं कपाट. कपाटाला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते यवतमाळला गेले होते. त्यामुळे पाहुण्यांनी फीत कापली, काचेतून पुस्तकं पाहिली आणि वाचनाचं महत्त्व या विषयावर चौघांनी भाषणं केली. तिसऱ्या वक्त्यांनी सांगितलं की पुस्तक हातात घेतल्याशिवाय त्याची गोडी कळत नाही. कपाटाकडे कोणी पाहिलं नाही.

स्पीकर लग्नातल्या वरातीचे होते आणि ते लावणाऱ्या माणसाला प्रतिध्वनी फार प्रिय होता. वक्ता 'शिक्षण' म्हणाला की गाव तीनदा शिक्षण ऐकत होतं. मी त्याला जाऊन म्हटलं, "दादा, आमच्या वेळेला हा घुमारा बंद ठेवा." तो म्हणाला, "मॅडम, मंग गाणं सुनं वाटते ना." महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हणाले असते, म्हणून वाद घातला नाही. बटण मात्र स्वतः खाली केलं.

आमची पाळी आली. काका माइकसमोर उभे राहिले, हात मागे बांधून. मी बटण दाबलं आणि ठेका साठवायला सुरुवात केली. गिटारच्या लाकडाचा आवाज घ्यायला तिच्यासमोर दुसरा माइक होता. नेमक्या त्याच क्षणी सूत्रसंचालकांनी आपला माइक उचलून घोषणा केली, "पांढरी जीप काढा!" जीप रस्त्यात उभी होती, त्यांचं काही चुकलं नाही. मी दुसऱ्यांदा बटण दाबलं. यंत्राने प्रामाणिकपणे सगळं परत दिलं. ठक, ठक-ठक, पांढरी जीप काढा. ठक, ठक-ठक, पांढरी जीप काढा.

पहिल्या दोन वेळा लोकांना वाटलं, जीपवाला ऐकत नाही. तिसऱ्या वेळी एक माणूस उठून जीप शोधायला गेला. पाचव्या वेळी सगळं गाव हसायला लागलं. बायका पदर तोंडाला लावून, पोरं उघड, आणि सरपंच पाहुण्यांकडे बघत बघत. मी घाईत ते पुसायला गेले आणि पायाने भलतंच बटण दाबलं गेलं. जीप गेली, ठेका गेला, काही उरलं नाही. कॉलेजमधल्या त्या सहा थरांमागे मी लपले तरी होते. इथे लपायला एक सूरही नव्हता.

काकांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. रस्त्यात बंद पडलेल्या गाडीतून प्रवाशांना उतरवताना कंडक्टरचा चेहरा जसा असतो, तसा होता. ते पुढे वळले आणि काहीही साथ नसताना गायला लागले.

'पाटी कोणत्या गावाची, माय पुसते लोकाले...'

हसणं लगेच थांबलं नाही. दुसऱ्या ओळीपर्यंत एक-दोन पोरं खिदळत होती. मग थांबलं. मी खालचा एक सा छेडला, या वेळी माइकवरून नाही, गिटारच्या वायरीतून थेट, आणि यंत्राला दिला. तो फिरत राहिला, इतका हळू की मलाच कान लावून ऐकावा लागत होता. ठेका पुन्हा लावायचं धाडस मला झालं नाही.

आणि मग मला काही काम उरलं नाही. तीन कडवी. गिटार गळ्यात, दोन्ही हात मोकळे, शंभर-दीडशे माणसं समोर. माझी बोटं आपोआप कॉर्ड धरत होती आणि मी ती सोडवत होते. दोनदा पाय बटणाकडे गेला. इतक्या लोकांपुढे काहीच न करता उभं राहणं फार अवघड असतं. कॉलेजात परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून मी बसते, तिथेसुद्धा निदान घड्याळ बघता येतं.

आई फाट्यावर उभी राहिली, गंधार खाली. मोटार आली, वर. चुकीची गाडी. पांढरकवड्याचा स्टँड. काकांनी तो हसणारा माणूसही गायला, आणि समोरच्या म्हाताऱ्या बायांपैकी एक जण जोरात म्हणाली, "मेला!" मग पाटी, पेन्सिल, एकेक अक्षर.

'बोट पाटीवर फिरवून मायनं वाचलं...'

मी कॉर्ड छेडली. एकदाच. पाय जमिनीवर घट्ट दाबून ठेवला. पूर्ण गाण्यात पहिल्यांदाच तीन सूर एकत्र आले. ती काही मोठ्याने वाजली नव्हती, पण पत्र्याच्या खोलीवरून, लोकांच्या डोक्यांवरून ती जाताना मला ऐकू आली, आणि विरली. यंत्राने ती परत आणून दिली नाही. पुढच्या रांगेतल्या त्याच म्हातारीने शेजारणीला कोपराने ढोसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "वाचली व! वाचली तिनं!"

काकांचा आवाज तिथे फाटला. शेवटची ओळ त्यांनी तशीच, फाटक्या आवाजात पुरी केली. मी सा बंद केला. टाळ्या उशिराने आल्या. लोक आधी नाक शिंकरत होते.

नंतर चहाच्या वेळी सरपंचांनी काकांना शाल दिली. मलाही एक श्रीफळ मिळालं. प्रतिध्वनीवाला माणूस खरोखर काळजीने जवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची लाइन बंद होती का? मधात एकच डाव वाजलं तुमचं." काकांची एक लांबची बहीण माझा हात धरून म्हणाली, "दादा लय चांगला गायला. तुमी त्याची पेटी पकडाले आल्या व्हत्या का?" मी हो म्हटलं. सहा महिन्यांचा सराव, विटेएवढं यंत्र, ध्वनीचं प्रकरण आणि दोन गाड्यांचा प्रवास करून मी पेटी पकडायला गेले होते. हे मी तेव्हा चिडून मनात म्हणत होते, असं मला वाटतं. पण परतीच्या गाडीत काका खिडकीशी झोपले आणि मी तीच तीन सुरांची कॉर्ड मांडीवर बोटांनी धरून बसले होते, यवतमाळ येईपर्यंत.

त्यानंतर आम्ही बरेच कार्यक्रम केले. हिशेब एकच: एका गाण्याला एक कॉर्ड, फार तर दोन. कॉलेजच्या पुढच्या स्नेहसंमेलनात मी तीच ओवी एका सुरावर गायले. वाणिज्यचे सर म्हणाले, "मागच्या वर्षी जास्त तयारी होती तुमची." मी त्यांचे आभार मानले.

अलीकडे मात्र एक अडचण उभी राहिली आहे. काकांना कॉर्ड्स आवडायला लागल्या आहेत. नातीने त्यांना फोनवर व्हिडिओ लावून दिले, तेच निळ्या उजेडातले दाढीवाले. परवा केळापूरच्या कार्यक्रमाची तयारी करताना त्यांनी मला मधेच थांबवलं.

"बाई, इथं एक टाका ना. लय मोकळं मोकळं वाटते."

"काका, तुमचा गंधार हलतो तिथे."

"हलू द्या. मी पाह्यतो त्याच्याकडं. तुमी टाका."

मी टाकली नाही. ते रुसले. सासूबाईंनी त्यांची बाजू घेतली आणि मला सांगितलं की म्हाताऱ्या माणसाची हौस मोडू नये. शेवटी पहिल्या कडव्यानंतर एक कॉर्ड द्यायचं ठरलं. काकांनी ती ऐकली, मान डोलावली, डोळे मिटून पुन्हा ऐकवायला लावली. मग हळूच विचारलं, "अन् तिच्यावर ते 'हूं हूं' कसं करता हो तुमी?"